दुःखानं नेमून दिलेलं काम

(भाईंदर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती छापताना काढली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते, आणि भाषण लांबलं की मागच्या बाकावर बसून घड्याळाकडे बघत, असं मला सांगण्यात आलं आहे. तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो.

विषय दिला आहे ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि संकटातलं प्रयोजन’. हा विषय निसरडा आहे, कारण दुसऱ्याच्या दुःखाचं प्रयोजन सांगायला काही लागत नाही. आपण सगळेच ते सांगत असतो. मर्तिकाच्या घरी जातो, काय बोलावं सुचत नाही, मग म्हणतो, ‘देवाची इच्छा.’ ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.’ लहान मूल गेलं असेल तर ‘देवाला वर फूल हवं होतं.’ शेजारच्या हिंदू घरात गेलो तर तिथं भोग आणि प्रारब्ध असतं. शब्द ज्याच्या त्याच्या धर्माचे. पण या बोलण्यानं सुटका होते ती बोलणाऱ्याची. ज्याचं माणूस गेलं तो होता तिथंच असतो. वर आता त्याच्यावर शांत दिसण्याचीही जबाबदारी येऊन पडते.

पवित्र शास्त्रानं या बोलण्याची फार जुनी आणि कडक झडती घेतली आहे. ईयोबाचं पुस्तक आठवा. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर न बोलता. माझ्या मते त्या तिघांनी केलेलं एवढंच एक शहाणपणाचं काम. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले आणि सगळं बिघडलं. तू काहीतरी केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, असं अध्यायांमागून अध्याय चालतं. अखेर देव बोलतो. ईयोबानं मागितलेलं कारण तो देत नाहीच. पण आपली वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर रागावतो आणि आपल्याशी भांडणाऱ्या ईयोबाला खरं बोलल्याचं श्रेय देतो. आपल्या प्रवचनांत मात्र येतो तो सहनशील ईयोब. तिसऱ्या अध्यायातच हा माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, हे सांगायचं राहून जातं.

दुसरी जागा योहानाच्या शुभवर्तमानातली, नववा अध्याय. वाटेत एक जन्मांध भेटतो आणि शिष्य गुरूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आंधळा तिथंच उभा आहे, त्याला ऐकू येतंय, याचं कोणाला काही नाही. येशू म्हणतो, दोघांचंही नाही. मग देवाच्या कार्याबद्दल बोलतो, दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे असं म्हणतो, आणि लगेच खाली वाकून थुंकीनं चिखल कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो, शिलोहच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. या प्रसंगाचा एक वाईट अर्थ लावता येतो आणि लावला गेला आहे: देवाला करामत दाखवायची होती म्हणून एका माणसाला इतकी वर्षं आंधळं ठेवलं. असा देव मला मान्य नाही. मला त्या गोष्टीत दिसतं ते असं, की शिष्य मागं वळून कारण शोधत होते आणि येशूनं त्यांना पुढं बघायला लावलं. समोर आंधळा आहे, आता तू काय करतोस?

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. दुःखाच्या पोटात देवानं आधीच प्रयोजन लपवून ठेवलंय आणि आपण ते खणून काढायचं, असं मी मानत नाही. दुःखातून माणसाला कधी कधी एक काम मिळतं. ते काम उचलायचं की नाही हे ज्यानं सोसलं त्यानंच ठरवायचं. श्रद्धा ते उचलायला बळ देते. हे नुसतं बोलून भागणार नाही, म्हणून एका मराठी बाईचं आयुष्य तुमच्यापुढं ठेवतो.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि हट्टी. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाचा रोष ओढवून घेणारे. पुढं हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागलं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कोणी उरलं नाही. या कुटुंबाला शेतात राबता येत नव्हतं, मोलमजुरी ठाऊक नव्हती, भीक मागायची लाज. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले आणि १८७८ मध्ये कलकत्ता गाठलं. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या आरंभी नवरा पटकीनं गेला. तेव्हा रमाबाईंना चोविसावंसुद्धा पुरं झालं नव्हतं.

त्या काळी विधवेला शिष्यांचाच प्रश्न वेगळ्या रीतीनं रोज ऐकावा लागे. नवरा मेला तो हिच्या पूर्वजन्मीच्या पापानं, असं मानलं जाई. त्यात विचारण्यासारखंही काही राहिलेलं नव्हतं. पाप कोणाचं हे आधीच ठरलेलं.

रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टरांकडे त्या राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच आत्महत्या केली. हे आपल्याकडच्या चरित्रांत एका ओळीत उरकतात. परक्या देशात, जवळचं एकुलतं एक मराठी बोलणारं मोठं माणूस असं जातं. याचं प्रयोजन काय म्हणून सांगणार? मी तरी सांगणार नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांना ख्रिस्ताकडे कशानं नेलं, हे त्यांनी स्वतः पुढं लिहून ठेवलंय. लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टरांचं एक घर होतं. समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या बायका तिथं सांभाळल्या जात. रमाबाईंनी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही या बायकांसाठी हे का करता? सिस्टरनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे आधी काम दिसलं, मग शास्त्र. शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी त्यांना झटकन पटल्या असंही नाही. चर्चच्या अधिकाराबद्दल वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो छापलेला आहे. पंचविशीतली ही मुलगी इंग्रज धर्मगुरूंना कशी उत्तरं देते ते मुळातून वाचा. आज्ञाधारकपणालाच श्रद्धा समजणाऱ्यांनी तर अवश्य वाचा.

अमेरिकेतून पैसा उभा करून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी पुढं धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली.

आता येऊ १८९६ पाशी. त्या साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून रमाबाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला जमीन घेतलेली होती, विहिरी खणल्या होत्या, फळझाडं लावली होती. हिशेबानं पाहिलं तर दुष्काळ त्यांचा नव्हता. पण उपाशी घरात आधी कोण गप्प होतं, मग कोण झोपून राहतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्या निघाल्या. मदतछावण्यांत त्यांनी भूक तर पाहिलीच, पण निराधार मुलींना हेरून, फसवून नेणारी माणसंही पाहिली. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, तिथं इतक्या जणींना ठेवायला सरकारी मनाई. म्हणून त्या केडगावच्या माळावर तंबू-झोपड्यांत राहिल्या. मुक्ती सदन जन्मलं ते असं, कोणत्याही आराखड्यावाचून. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि संख्या दोन हजारांजवळ गेली. शेती, हातमाग, तेलघाणा, छापखाना, आंधळ्या मुलींची शाळा. जिचं घर काम येत नसल्यामुळं उपाशी मेलं होतं, तिनं प्रत्येक मुलीच्या हातात काम दिलं. रमाबाईंचं सारं चरित्र मला या एका गोष्टीत दिसतं.

मग आईबाप दुष्काळात मेले ते यासाठीच होते का? असा हिशेब रमाबाईंच्या आईपुढं मांडायची माझी हिंमत नाही. तो दुष्काळ वाईटच होता. वीस वर्षांनी त्याचं कोणी काम करून दाखवलं, म्हणून तो चांगला ठरत नाही.

इथं तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल आणि तो न विचारणं सभ्यपणाचं असलं तरी प्रामाणिकपणाचं नाही. भुकेल्या मुलींना भाकरीबरोबर धर्मही दिला ना? शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. ‘केसरी’नं टीका केली, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळावरची मोठी माणसं बाहेर पडली. आक्षेप रास्त होता, असं मी ख्रिस्ती असूनही म्हणतो. उपाशी माणसाचा होकार हा पुरता होकार नसतो. पण त्याचबरोबर हेही खरं की, ज्या मुली त्यांनी आणल्या त्यांच्यासाठी दुसरं दार क्वचितच उघडं होतं, आणि पलीकडे दलाल उभे होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. त्यातली एक खोडून टाकल्यावर रमाबाई सोप्या होतात, इतकंच.

ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या ख्रिस्ती सरकारच्या ओंजळीनं पाणी प्याल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांची जी आबाळ आणि विटंबना होत होती, तिच्याबद्दल त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. गव्हर्नरांनी त्यातले आरोप फेटाळले. रमाबाई मागं हटल्या नाहीत.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. गावातल्या साध्या बाईला कळावं, ही अट त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. त्यांना कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती चाळिशीत गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. कधी सोलापूरच्या गाडीनं गेलात तर उतरून पाहा.

हे सगळं फार गंभीर झालं. सगळ्या सोसणाऱ्यांचा स्वभाव असा नसतो, सुदैवानं. लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. १८९५ मध्ये नवरा, रेव्हरंड टिळक, ख्रिस्ती झाला. कट्टर सोवळ्यात वाढलेल्या या बाईला पाचेक वर्षं माहेरच्या माणसांत, लोकांच्या तोंडून नवऱ्याचा उद्धार ऐकत काढावी लागली. पुढं त्या नगरला त्याच्याजवळ गेल्या तरी आपलं सोवळं घेऊन गेल्या. जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो स्वतः विचार करून करून, कोणाच्या उपदेशानं नव्हे, आणि १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. ही सगळी फरपट त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये अशी सांगितली की वाचणारा हसतो, आणि हसता हसता थबकतो. दुसऱ्याच्या अनाथ मुलांना त्यांनी घरात घेतलं. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागं पुढं नेलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं. दुःखातून आलेलं काम हसत करायला हरकत नाही, हे मराठी ख्रिस्ती समाजाला लक्ष्मीबाईंनी शिकवलं. आपण अजून पुरतं शिकलेलो नाही. आपल्या प्रार्थनासभांतले चेहरे बघा.

एक गोष्ट ख्रिस्ती श्रोत्यांसाठी. दुःखातून मिळणारं हे काम आपल्या एकट्याच्या मालकीचं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, ते गोव्याचे ख्रिस्ती. त्या साथीच्या भयानं लोकांनी वांद्र्याच्या गल्लीगल्लीत उभारलेले क्रूस आजही दिसतात. आणि त्याच प्लेगमध्ये, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. पण मी वर सांगितलेल्या योहानाच्या नवव्या अध्यायाप्रमाणं कोण वागलं, असं मला कोणी विचारलं तर यादीत त्यांचं नाव मला घालावंच लागेल.

आता आपल्या गावाकडे. मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर. यातले बहुतेक जण इथं हौसेनं आलेले नाहीत. कोणाची मुंबईतली खोली गेली, कोणाची गिरणी बंद पडली, कोणाच्या गावी पाऊस पडला नाही. आणि पश्चिमेला, डोंगरी ते उत्तन-चौकपर्यंत, जे आधीपासून होते त्यांची जुनी गावं. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगिजांच्या राज्यात क्रूस मिळाला. तो सगळा राजीखुशीनं मिळाला असं इतिहास म्हणत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी इथला धारावीचा किल्ला आणि पाठोपाठ वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी इथल्या लोकांनी श्रद्धा ठेवली. सत्तेबरोबर आलेली गोष्ट सत्ता गेल्यावरही टिकली, तेव्हा ती त्यांची स्वतःची झाली असं मी समजतो.

या किनाऱ्यावरचं दुःख कोणाला नवं नाही. डोलीच्या जाळ्यात बोंबील-जवळ्यापेक्षा प्लॅस्टिक जास्त येतं. शहराचा कचरा उत्तनच्याच डोंगरावर येतो, पेटतो, आणि धूर कोळीवाड्यात उतरतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं. सुक्या मासळीच्या वलांडी आणि नांगरलेल्या बोटी यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. याला देवाची परीक्षा म्हणणं मला पटत नाही. कचरा देव टाकत नाही. शेजारच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करणारा, पुढं ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरला, धमक्या सोसल्या. पाणी आणि झाडं यांसाठी भांडणं हे त्याच्या लेखी प्रार्थनेच्या बाहेरचं काम नव्हतं.

शेवटी एका कामाबद्दल बोलतो, कारण ते आपल्या हातातलं आहे. समुद्रात गेलेला माणूस परत आला नाही आणि शरीरही मिळालं नाही, तर कायद्याच्या सर्वसाधारण नियमानं त्याला मृत धरायला सात वर्षं जावी लागतात. तोवर मृत्यूचा दाखला अडतो. मच्छीमारांसाठी सरकारी अपघात विमा आहे, मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये. पण तो मागायला दाखला लागतो, नोंदणी लागते, मुदतीत अर्ज लागतो. बँकेचं खातं, बोटीवरचं कर्ज, घराचा उतारा, सगळं त्या एका कागदापाशी येऊन थांबतं. त्या घरातली बाई सात वर्षं धड सौभाग्यवती नाही, धड विधवा नाही. रमाबाई आज असत्या तर कुठल्या दारात जाऊन बसल्या असत्या, हे मला वेगळं सांगायची गरज वाटत नाही.

माझी विनंती अशी आहे. प्रत्येक धर्मग्रामात, आणि फक्त ख्रिस्ती वस्तीत नव्हे, दोन-तीन माणसं अशी तयार करा की ज्यांना हे कागद कळतात. शिकलेली मुलं आहेत, निवृत्त कारकून आहेत, या सभागृहातच एक-दोन वकील मला दिसताहेत. अशा घरी मिस्सा सांगायच्या आधी तिथं जा. देवाचा हेतू समजावू नका. पोलिसांतली तक्रार झाली का, बोटीची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, विम्याच्या यादीत त्याचं नाव होतं का, ते विचारा आणि तिच्याबरोबर कचेरीत जा. पावसाळ्याची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातील, फादर त्यांना आशीर्वाद देतील. त्याआधी प्रत्येक बोटीवरच्या प्रत्येक खलाशाचं नाव, अगदी परप्रांतातून आलेल्या मजुराचंसुद्धा, विम्याच्या यादीत गेलं आहे की नाही, एवढं या वर्षी तपासून घ्या.